बावीसआहे ग्रॅमचं बाळ

अक्का, तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाला विहारात जी पुस्तिका वाटली, तिच्या सातव्या पानावर एक बाळ ‘बावीसआहे ग्रॅम’चं जन्माला आलं. नवव्या पानावर दुसरं, ‘दोन किलो तीनआहे’. अकराव्या पानावर एक बाई आहेळ्या चारायला गेली आणि तिथेच तिच्या पोटात दुखायला लागलं. सोबत आहेजारीण होती म्हणून निभावलं.

मी आकडे तपासणारा माणूस. पुस्तिका हातात आली तशी आधी वजनांवर नजर गेली, आणि तिथेच अडकली. समोर भाषण चालू होतं. बोलणारे गृहस्थ म्हणत होते की सिस्टर अतिशय शांत आणि मृदुभाषी होत्या. तुला मृदुभाषी म्हणणारा माणूस तुला कधी भेटलेला नसणार. मग त्यांनी पुस्तिका उंच धरून दाखवली आणि म्हणाले, बघा, चौतीस वर्षं खेड्यांत नोकरी केली, पण भाषा किती शुद्ध; अडाणी बायकांच्या तोंडीसुद्धा कसं स्वच्छ मराठी घातलंय. बसलेल्यांनी माना डोलावल्या.

मला उठून ओरडावंसं वाटलं. तुझ्या बाया शुद्ध मराठीत बाळंत होत नव्हत्या. पिंपळनेरच्या पुढच्या त्या आरोग्य केंद्रात बाळ बाहेर आलं की आई पहिला प्रश्न विचारायची तो एकच, जित्तं शे का? म्हणजे, जिवंत आहे का. मुलगा की मुलगी हे नंतर, सासू विचारायची. हे मला तूच सांगितलं होतंस, हाच प्रश्न पुस्तकाचं नाव ठेवायचा तुझा विचार होता. आणि पुस्तिकेत छापलं होतं, ‘जित्तं आहे का?’ असं कोणी बोलत नाही. जळगावात नाही, धुळ्यात नाही, पुण्यातही नाही.

दोन दिवसांनी मी जळगावहून पुन्हा धुळ्याला आलो आणि बसमधून उतरून सरळ सुनंदाताईंच्या टायपिंग सेंटरवर गेलो. पुस्तिका त्यांनीच केली होती. अडीच तासांच्या बसमध्ये मी वाक्यं पाठ केली होती आणि ती सगळी बोललो. मेलेल्या माणसाच्या लिखाणाला हात लावायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, ‘शे’ तुम्हाला कमीपणाचं वाटतं का, तुमची आई घरी काय बोलते. झेरॉक्सला आलेले दोघे जण काम न करताच निघून गेले.

सुनंदाताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग ड्रॉवरमधून तुझा पेन ड्राइव्ह काढला, लावला, आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. फाइल तशीच होती. बावीसआहे, आहेळ्या, आहेजारीण. शेवटची सेव्ह केल्याची तारीख तू जाण्याच्या अकरा दिवस आधीची.

त्या म्हणाल्या, “सिस्टर स्वतः देऊन गेल्या. म्हणाल्या, भाऊने सांगितलं तसं सगळं केलंय, आता एक अक्षर बदलू नका.”

मी विचारलं, मग बावीसआहे ग्रॅम बघून तुम्हाला काहीच वाटलं नाही का?

“वाटलं ना. पण मला वाटलं दवाखान्यातलं काही माप असेल. विचारणार होते, तर त्या परत आल्याच नाहीत. आणि तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्हीच म्हणालात, पुस्तकातली पहिली सोळा पानं जशीच्या तशी छापा.”

म्हणालो होतो. आयुष्यभर मी कचेरीतला एकही तक्ता दोनदा बेरीज केल्याशिवाय पुढे पाठवला नाही. आणि तुझी सोळा पानं न उघडता पाठवायला सांगितली. मी सुनंदाताईंची माफी मागितली. त्यांनी चहा मागवला. तो मी प्यायलो, पण राग गेला नाही, त्याला फक्त बसायला दुसरी जागा लागत होती.

आता तुझ्याशीच भांडतो.

तुला वर्ड मी शिकवलं. निवृत्त झाल्यावर तू कॉम्प्युटर घेतलास आणि म्हणालीस की शनिवारी येत जा. दीड वर्षात मी एकेचाळीस शनिवार आलो, माझ्याकडे तिकिटं आहेत. पहिल्या शनिवारी तू मला अभिमानाने एक पान दाखवलंस. मथळा बरोबर मधोमध. मी विचारलं, कसा केलास? म्हणालीस, स्पेसबार अठ्ठावीस वेळा. मोजून. मी सेंटरचं बटण दाखवलं, तर तू ते एकदा दाबून बघितलंस आणि म्हणालीस, यात मेहनत दिसत नाही. नवं पान हवं असलं की तू एंटर दाबत खाली जायचीस. मग वर कुठे एक ओळ वाढली की पुढची सगळी पानं सरकायची, आणि तू मला फोन करून विचारायचीस की माझ्या बाया खाली का घसरल्या. मी पेज ब्रेक शिकवला. टॅब शिकवला. समास चारी बाजूंनी एक इंच. ओळींमधलं अंतर दीड. तू सगळं शिकलीस, पण प्रत्येक गोष्टीला आधी नाही म्हणून.

अनडू मात्र तुला एका क्षणात आवडलं. कंट्रोल-झेड दाबलं की केलेलं परत होतं हे कळल्यावर तू चार-पाच वेळा उगाच खोडून परत आणलंस. मग हात मांडीवर ठेवून बसलीस. म्हणालीस, “हाई बटन मले त्या खोलीमा पाहिजे व्हतं.”

खोली म्हणजे केंद्रातली बाळंतपणाची. त्या दिवशी आपण पुढे काही शिकलो नाही.

मग ते अक्षरांचं भांडण. तू अवतरणचिन्हं वापरायला तयार नव्हतीस. मी म्हणालो, मग वाचणाऱ्याला कसं कळणार कोण बोलतंय? तू म्हणालीस कळतंय की. आणि खरंच कळत होतं, कारण बायांचं बोलणं तू ठळक केलं होतंस, आणि ज्या ओरडत होत्या त्यांची अक्षरं मोठी. कुणाची अठरा, कुणाची बावीस. एका पानावर तर एकाच शब्दाने तीन ओळींची जागा घेतली होती. मी म्हणालो, अक्का, हे लग्नपत्रिकेसारखं दिसतंय. पुस्तकात सगळं बारा आकारात असतं. तू म्हणालीस, “भाऊ, वरडनं बारामा बसत नही.”

मी हसलो. हसलो आणि तुझ्यासमोर कंट्रोल-ए दाबलं, सगळ्या पानांवरचं ठळक काढलं, आकार बारा केला. दोनशे चौदा पानांवरच्या बाया एका सेकंदात गप्प झाल्या. तू अनडू दाबायला माऊसकडे हात नेलास आणि मी म्हणालो, राहू दे, आता कसं छान दिसतंय. तू हात मागे घेतलास.

या गोष्टीचा राग मला तेव्हा यायला हवा होता. तो आता येतोय.

आणि त्याच शनिवारी, की त्यानंतरच्या, मी तुला फाइंड-रिप्लेस शिकवलं. तुझ्या स्पेसबारने सगळीकडे दोन-दोन, तीन-तीन जागा सुटल्या होत्या. मी वरच्या चौकटीत दोन स्पेस घातल्या, खालच्या चौकटीत एक, रिप्लेस ऑल दाबलं, आणि स्क्रीनवर आकडा आला, सहा हजार एकशे आठ. तुझे डोळे मोठे झाले. मी मोठेपणा मिरवत म्हणालो, एका दाबात. त्याच खिडकीत खाली एक छोटी चौकट असते, तिच्यात खूण केली की फक्त सुटा शब्द बदलतो, दुसऱ्या शब्दाच्या पोटातला नाही. ती मी दाखवली नाही. स्पेसला तिची गरज नव्हती, आणि पाच वाजताची बस गाठायची होती.

आणि निघताना, चपला घालता घालता, मी ते बोललो. चाळिसावं पान वर-वर बघितलं होतं. म्हणालो, अक्का, हे काय सारखं शे-शे लावलंय. पुस्तकात बरं दिसत नाही. लोक हसतील.

तू विचारलंस, कोणते लोक?

मी म्हणालो, बस चुकेल. उत्तर मला माहीत होतं. आपण दोघं खेड्यातून धुळ्याच्या शाळेत आलो तेव्हा वर्गातली मुलं ‘शे’ला हसली होती, ते लोक. मी तेव्हापासून ‘शे’ सोडलं. शाळेत सोडलं, मग घरात सोडलं, आईशी बोलतानाही सोडलं. तू शाळेत सोडलंस, घरी परत उचललंस, आणि नोकरीला लागल्यावर त्याच्यावर चौतीस वर्षं बाळंतपणं केलीस. पन्नाशी उलटलेल्या माझ्यासारख्या माणसाला अजून त्या वर्गाची भीती वाटते, हे मी तुला दारात उभं राहून सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तू दोन शिव्या दिल्या असत्यास आणि विषय संपला असता.

त्याऐवजी तू माझं ऐकलंस. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. आईचं ऐकलं नाहीस, वरिष्ठांचं ऐकलं नाहीस, रजा घे म्हणणाऱ्या डॉक्टरांचं ऐकलं नाहीस. आयुष्यात एकदाच कुणाचं निमूट ऐकायचं ठरवलंस, आणि नेमकं ते चुकीचं होतं. एकटी बसलीस. वरच्या चौकटीत ‘शे’ लिहिलंस, खालच्या चौकटीत ‘आहे’, आणि रिप्लेस ऑल. काय आकडा आला असेल? तो बघून तुला काय वाटलं असेल? मग फाइल बंद केलीस, आणि बंद केलेल्या फाइलला अनडू नसतं. हेही मी शिकवलं नव्हतं.

मी म्हणालो होतो, रोज नव्या नावाने सेव्ह कर, तारीख घाल. तू म्हणालीस एका पोराला किती नावं. जुनी प्रत म्हणून एकही फाइल नाही. वह्या होत्या, हिरव्या पुठ्ठ्याच्या सात. त्या तू टाइप झाल्यावर रद्दीत घातल्यास, कारण कपाटात जागा होत नव्हती. तुझ्या कपाटात, अक्का, रिकाम्या काचेच्या बरण्यांचे तेरा संच आहेत. मी मोजले.

त्यानंतर तुझा फोन आला होता. मी कचेरीत होतो, बैठकीला पाच मिनिटं होती. तू म्हणालीस, “तुना मनसारखं करी टाकं, भाऊ.” मी बरं म्हणालो. काय केलंस, हे विचारलं नाही. आपलं ते शेवटचं बोलणं.

आता काय करायचं हा प्रश्न होता. घरी सगळे म्हणाले, उलटं रिप्लेस करा, ‘आहे’च्या जागी ‘शे’. तसं होत नाही. तू स्वतःचं निवेदन पुस्तकी मराठीत लिहिलं होतंस आणि बोलणं बायांच्या भाषेत. उलटं केलं तर तुझी सगळी खरी ‘आहे’ मरतील. मी मोजणी केली. फाइलमध्ये ‘आहे’ ही अक्षरं एक हजार नऊशे छत्तीस ठिकाणी आहेत. त्यांतली चारशे बारा दुसऱ्या शब्दांना चिकटलेली, म्हणजे विआहेष, आहेवटी, बाळंतिणीला दिलेला आहेक. ती ओळखू येतात, ती मी चार दिवसांत हाताने दुरुस्त केली. राहिली एक हजार पाचशे चोवीस. यांतलं कोणतं तुझं आणि कोणतं बाईचं, हे वाक्य वाचून ठरवायचं. ठळक अक्षरं असती तर एका नजरेत कळलं असतं. ती मी पुसली.

म्हणून वाचतो आहे. रोज सकाळी कचेरीत जाण्याआधी पंचवीस. आणि तुला एक सांगतो, चीड येण्यासारखी गोष्ट आहे. एकेचाळीस शनिवार मी तुझे समास बघितले, पुस्तक वाचलंच नव्हतं. भर उन्हात सात कोस चालत आलेली ती बाई मला माहीत नव्हती. नवरा दारात उभा राहून शिव्या देत होता आणि तू आतूनच त्याला पाणी तापवायला लावलंस, ते मला माहीत नव्हतं. तू मेलेलं बाळ आईच्या मांडीवर दिलंस आणि डॉक्टरांना फोन करायला दहा मिनिटं मुद्दाम उशीर केलास, हे तर मला कधीच कळलं नसतं. माझी बायको सकाळी विचारते, आज किती झाले, आणि मी कधी कधी सांगतो की तीनच.

बहुतेक जागी अडत नाही. ‘बठ्ठं बरं आहे, अक्का’ असलं वाक्य आलं की कळतं, सगळ्याला बठ्ठं म्हणणारी बाई पुढे आहे म्हणणार नाही. वावर आलं की कळतं, इथे-तिथेच्या जागी आठे-तठे आलं की कळतं. आई कशी बोलायची ते आठवून मी मोठ्याने म्हणून बघतो. चाळीस वर्षांत तोंडातून न निघालेले शब्द आहेत, जीभ अडते. ते शेजाऱ्यांना ऐकू जात असेल. जाऊ दे.

सत्त्याऐंशीव्या पानावर मात्र अडलो. गुंफाबाईच्या पहिल्या बाळंतपणाचं पान. बाळ आडवं होतं, पावसाने ओढा चढला होता, जीप येणार नव्हती. तू लिहिलंस, ‘गुंफा ओरडत होती. फोन वाजत होता. मी आहे. मी आहे.’ एवढंच. मला वाटलं चुकून दोनदा टाइप झालंय. तू कॉपी-पेस्ट नवीन शिकली होतीस तेव्हा अशा जोडगोळ्या खूप करायचीस. एक काढून टाकणार होतो. कर्सर नेलासुद्धा. मग धसका बसला. तुझ्या फाइलमधलं काही चुकीचं आहे असं मी याआधी दोनदा ठरवलं होतं.

गुंफाबाई तुझ्या पुण्यानुमोदनाला आली होती, मागे भिंतीशी बसली होती. गावाचं नाव मी तिला विचारून ठेवलं होतं. रविवारी गेलो. साक्रीला बस बदलली, पिंपळनेरला बदलली, पुढे रिक्षा. ती अंगणात भुईमूग निवडत होती. मला बघून तिने आधी पाणी दिलं आणि मग सुनेला सांगितलं की नर्सबाईचा भाऊ आलाय, त्याला वाचता येतं पण बोलता येत नाही. हे तिला कोणी सांगितलं? तूच.

तिला वाचता येत नाही, म्हणून मी पान वाचून दाखवलं. ओढ्याजवळ तिने मान हलवली, जीपजवळ हलवली. मी वाचलं, मी आहे, मी आहे. तिचे हात थांबले.

“तुम्ही चुकीचं वाची ऱ्हायनात, भाऊ.”

मी म्हणालो, जे लिहिलंय तेच वाचतोय.

“मंग लिव्हेल चुकीचं शे. मी वरडू, कोन शे मना आठे. तिनी मना हात धरा, मले म्हनी, मी शे. मंग दुसरा हातमा फोन. डाक्टर तिकडून इचारे, काही झालं तर जबाबदार कोण आहे? त्याले म्हनी, मी आहे.”

मी विचारलं, डॉक्टरांना ‘शे’ का नाही म्हणाली?

गुंफाबाईने माझ्याकडे असं बघितलं की वर्गातसुद्धा माझ्याकडे कोणी तसं बघितलं नव्हतं. “डाक्टर ‘शे’ ऐकस का?”

आतून तिची तिशीतली मुलगी, ते आडवं बाळ, बाहेर आली आणि माझ्या पाया पडली. माहेरी आली होती. तिनेच माझी पिशवी शेंगांनी भरून दिली.

सोमवारी सकाळी मी सत्त्याऐंशीवं पान उघडलं. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी, सारखीच, बारा आकारात. पहिलं पुसून ‘मी शे’ लिहिलं. दुसऱ्याला हात लावला नाही.